एक घर उजवीकडे

रणपिसे मॅडमच्या क्लासात पहिले पाच रविवार कॉम्प्युटरला हात लावायला मिळत नसे. कॉम्प्युटर नव्हते असं नाही. चांगले चार होते, कुठल्याशा ऑफिसनं जुने झाले म्हणून देऊन टाकलेले. पण ते अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीला, मॅडमच्या जुन्या साड्यांतून शिवलेल्या अभ्र्यांखाली झाकून ठेवलेले असत. कुणी हळूच अभ्रा उचलून बघायला गेलं तर फळ्याकडे तोंड असलेल्या मॅडम न वळताच म्हणायच्या, "झोपू दे त्याला. त्याचं काम अजून आलेलं नाही."

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून जरा आत वळलं की एक विहार आहे आणि विहाराच्या मागे ही अभ्यासिका. एरवी तिथं स्पर्धा परीक्षांची मुलं माना खाली घालून बसलेली असतात. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की साडेनऊपासून ती खोली मॅडमची. मी वर्ध्याहून पुण्यात येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. हडपसरच्या एका ऑफिसात दिवसभर विम्याचे फॉर्म कॉम्प्युटरात भरायचो आणि गावाकडच्या तिघांबरोबर विश्रांतवाडीत एका खोलीत राहायचो. त्यातल्याच एकानं सांगितलं की विहारात एक बाई प्रोग्रॅमिंग शिकवतात आणि फी घेत नाहीत. पुण्यात काही फुकट मिळत असेल तर ते आधी घ्यावं आणि कशाला लागतं ते मागाहून बघावं, असं माझं त्या वेळचं धोरण होतं. मी दुसऱ्याच रविवारी हजर झालो.

मॅडम ठेंगण्या, पासष्टीच्या, सुती साडीतल्या. चष्म्याच्या डबीत त्या खडू ठेवायच्या. त्यामुळे चष्मा कधी काढून डबीत ठेवला की परत नाकावर चढताना तो पांढरा झालेला असे, आणि मग पुढची पाच मिनिटं "फळ्यावर धुकं का पडलंय" अशी चौकशी. त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि काय काय येतं ते विचारलं. मी म्हणालो, एक्सेल येतं थोडंफार.

"मोजता येतं?"

मी हो म्हणालो. फळ्याकडे तोंड करून एका ओळीत पाच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडमनी मला डावीकडून मोजून तीन नंबरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी मोजलं आणि बसलो.

"ही दोन नंबरची आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुमचा दोष नाही. तुम्हाला शाळेत एकापासून शिकवलंय."

मग त्यांनी विचारलं की ओळीच्या टोकाला उभं राहिलं तर पहिल्या खुर्चीवर पोचायला किती खुर्च्या ओलांडाव्या लागतात. एकही नाही. म्हणून ती शून्य नंबरची. पुढची गाठायला एक ओलांडावी लागते, म्हणून ती एक नंबरची. इतकं सरळ कारण मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

पण या शून्याचा मॅडमना नाद होता हेही खरंच. आपण तळमजल्यावर राहतो असं त्या कधी म्हणत नसत, "शून्यावर" म्हणत. डब्यातला पहिला लाडू त्या शून्य नंबरचा लाडू म्हणून खात, आणि तो हिशेबात धरत नसत. एकदा विहाराच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या पन्नास खुर्च्यांवर नंबर चिकटवायचं काम कुणीतरी भाबडेपणानं मॅडमकडे दिलं. निमंत्रणपत्रिका दुसऱ्या कुणी लिहिल्या होत्या, एक ते पन्नास. मॅडमनी खुर्च्यांना शून्य ते एकोणपन्नास नंबर दिले. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी पहिल्या रांगेत अगदी टोकाची खुर्ची रिकामी, आणि पन्नास नंबरचं निमंत्रण हातात धरलेले एक वजनदार पुढारी आपली खुर्ची शोधत मंडपाला दुसरी फेरी मारताहेत. कार्यकर्त्यांची पळता भुई थोडी झाली. मॅडम शांतपणे उठल्या, त्यांना शून्य नंबरवर नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, "आपली जागा सगळ्यांच्या आधी आहे." पुढारी इतके खूश झाले की भाषणात त्यांनी संयोजनाचं दोनदा कौतुक केलं. पुढच्या वर्षी नंबर चिकटवायचं काम मॅडमना दिलं नाही, पुढाऱ्यांनी मात्र त्याच खुर्चीचा आग्रह धरला.

त्यांची शिकवायची पद्धत अशी. पाच खुर्च्यांवर पाच जण बसवायचे. प्रत्येकाच्या मांडीवर शाळेतली दगडी पाटी. पाट्यांवर आकडे लिहायचे: दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. एका ओळीत मांडलेली, नंबर दिलेली ही घरं, आणि घरात एकेक आकडा. प्रोग्रॅमिंगमध्ये याला ॲरे म्हणतात, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिली ठेच इथंच लागते. मग एकानं उभं राहून हुकूम द्यायचे. मॅडम स्वतः मशीन व्हायच्या. हातात ओला बोळा आणि खडू. सांगाल तेवढंच करणार, एक अक्षर जास्त नाही.

पहिल्या दिवशी मला दिलेलं काम सोपं वाटलं. प्रत्येक आकडा एक घर उजवीकडे न्यायचा, आणि शेवटचा फिरवून पहिल्या घरात आणायचा. मी रुबाबात सांगितलं की शून्य नंबरचा आकडा एक नंबरच्या पाटीवर लिहा. मॅडमनी वीस पुसून दहा लिहिला. मग म्हटलं, एक नंबरचा दोनवर लिहा. मॅडमनी तीस पुसला आणि तिथंही दहा लिहिला. मला कुठंतरी पाल चुकचुकली, पण माघार कशी घ्यायची म्हणून मी तसाच रेटत गेलो. शेवटी पाचही जण मांडीवर दहाची पाटी घेऊन माझ्याकडे बघत बसले.

"वीस कुठे गेला?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणालो, तुम्ही पुसला.

"मी फक्त ऐकलं. पुसलात तुम्ही. मशीन अडाणी असतं, ढोले. अडाणी आणि आज्ञाधारक. असल्याला काम सांगताना फार जपून सांगावं लागतं."

यातून सुटायचं कसं हे त्या कधीच सांगत नसत. शिकणारा अडला की त्या पायरीवर जाऊन थर्मासातला चहा ओतून घेत आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसत. मला दीड तास लागला. मग कळलं की कामाला लागायच्या आधी एक सहावा माणूस हवा. त्याच्या हातात कोरी पाटी द्यायची, आणि शेवटच्या खुर्चीवरचा पन्नास त्याच्याकडे सांभाळायला ठेवायचा. मग शेवटचं घर मोकळं झालं. तिथं चाळीस आणा, चाळीसच्या जागी तीस, असं करत मागे यायचं. शेवटी शून्याचं घर उरतं, तिथं सांभाळून ठेवलेला पन्नास लिहायचा. या सहाव्या माणसाला क्लासात "उभा" म्हणत. आज नोकरीत मी हे रोज करतो, आणि रोज मला कोरी पाटी घेऊन ताटकळलेला कुणीतरी दिसतो.

बरोबर आलेला प्रोग्रॅम कागदावर उतरवून घ्यायचा असे. कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. विश्रांतवाडीतली कुठलीही पत्रिका लग्न लागल्यावर शेवटी मॅडमकडे येते अशी ख्याती होती. माझा पहिला बिनचूक प्रोग्रॅम कुणा चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीच्या हळदीच्या वेळेच्या पाठीवर आहे. मी तो जपून ठेवला आहे, त्या बाईंचा संसारही सुखाचा चालला असेल.

मॅडम टेलिफोन खात्यात होत्या. तरुणपणी ट्रंक कॉल जोडायच्या. समोर ओळीनं भोकं, प्रत्येकाला नंबर, आणि या हातातली पिन त्या भोकात. खात्यात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी दुसरे विभाग मागून घेतले. मॅडमनी पन्नासाव्या वर्षी नारायण पेठेतल्या एका संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. तिथल्या तरुण मास्तरानं पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, नातवाची चौकशी करायला आलात का?" मॅडम म्हणाल्या, "नातू अजून जन्मायचाय. तोवर मी बसते." आणि बसल्या. सहा महिन्यांनी मास्तर त्यांच्याकडे शंका विचारायला लागला, असं त्या सांगत. ते खरं असावं, कारण फुशारकी मारताना त्यांचा आवाज जरा बारीक होई, आणि हे सांगताना तो होत नसे.

"हुशार" या शब्दाचा त्यांना राग होता. क्लासात एकानं दुसऱ्याला हुशार म्हटलं की दोघांनाही पाट्या धुवायला पाठवत. हुशार माणूस चूक करायला लाजतो, आणि लाजला की शिकायचा थांबतो, असं त्यांचं म्हणणं. चूक झालेल्याला मात्र त्या फार प्रेमानं वागवत. आपली चूक काय ते मोठ्यानं सांगणाऱ्याला चहा आधी मिळे. मी त्या काळात पुष्कळ चहा प्यायलो.

माझ्याहूनही जास्त चहा प्याले ते मेश्राम. हे भंडाऱ्याचे, चाळिशीचे, हडपसरच्या एका कारखान्यात सतरा वर्षं असेंब्ली लाइनवर काम केलेले. आडवे, शांत, आणि पुण्याच्या पोह्यांवर मनापासून नाराज. त्यावर झणझणीत रश्श्याची तर्री नसते हे त्यांचं दुःख ते पोहे संपवून मग सांगत. ते क्लासला आले तेव्हा गळ्याशी आलं होतं. कारखान्यात नवी मशिनं येणार होती, आणि ती चालवायला थोडं प्रोग्रॅमिंग यावं लागणार होतं. त्यासाठी एक परीक्षा होती. पास होतील त्यांना हडपसरला नव्या लाइनवर ठेवणार, नापासांना गुजरातेतल्या दुसऱ्या कारखान्यात पाठवणार. मेश्रामांची बायको पुण्यात दवाखान्यात नर्स, मुलगी नववीत. गुजरात म्हणजे एकट्यानं जाणं आणि दिवाळीला घरी येणं. दोन संधी होत्या आणि पहिली त्यांनी घालवून झाली होती. पहिलाच प्रश्न आकडे सरकवायचा होता, आणि त्यांच्या पाचही घरांत एकच आकडा आला होता.

"मॅडम, डोक्यातच शिरून नाही राहिलं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "मी त पाठ करून गेलो होतो."

"म्हणूनच नापास झालात," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या हातात चहा दिला.

खुर्च्यांसमोर उभे राहून मेश्राम हुकूम द्यायला लागले की आम्ही आपल्या पाट्यांचा निरोप घेत असू. पहिल्या रविवारी सगळे दहा. दुसऱ्या रविवारी सगळे दहा. तिसऱ्या रविवारी पहिले पाढे पंचावन्न. एवढा आडवा माणूस, पण चौथ्या वेळी पाटीवरचा दहा बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम त्या दिवशी पायरीवर गेल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि भलतंच विचारायला लागल्या. कारखान्यात पट्ट्यावर ओळीनं ट्रे असतात ना? सगळे भरलेले असले आणि ओळ एक जागा पुढे न्यायची असली तर काय करता? मेश्रामांना हा प्रश्नच बावळट वाटला. ते म्हणाले, सगळ्यात पुढचा ट्रे आधी उचलून बाजूला ठेवायचा, मग त्याच्या मागचा पुढे घ्यायचा.

"मागून का ढकलत नाही?"

"एकावर एक चढतील ना मॅडम."

मेश्रामांनी पाट्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि मग ते हसायलाच लागले. सतरा वर्षं हातांना जे येत होतं ते डोक्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्याच झटक्यात आकडे सरकवले, मग सात पाट्यांवर सरकवले, मग मॅडमनी पाच रविवारांचा नियम मोडून कॉम्प्युटरचा अभ्रा काढून दिला तेव्हा तिथंही सरकवले. घरी जाताना त्यांनी खात्री करून घेण्यासाठी विचारलं, म्हणजे नेहमी शेवटाकडून सुरू करायचं ना? मॅडम म्हणाल्या, "नेहमी-बिमी काही नसतं. कुठलं घर मोकळं करायचंय ते खुर्च्यांना विचारा."

दुसरी परीक्षा शनिवारी होती, कारखान्यातच, दहा ते बारा. माझं ऑफिस त्याच रस्त्यावर, आणि त्या शनिवारी मला सुट्टी होती. म्हणून मेश्राम बाहेर येतील तेव्हा कुणीतरी असावं या विचारानं मी गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. बघतो तर बाकावर रणपिसे मॅडम. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आलेल्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की हडपसरच्या मंडईत गवार फार कोवळी मिळते. पिशवीत खरोखरच दोन किलो गवार होती. मॅडम एकट्या राहत. दोन किलो गवार त्यांना दिवाळीपर्यंत पुरली असती.

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि गवार मोडायला घेतली. मीही मोडायला लागलो. अकराच्या सुमाराला त्यांचा हात थांबला.

"ढोले, आपण कधी डावीकडे सरकवलंय का हो?"

मी आठवून बघितलं. पाच महिन्यांत आम्ही आकडे उलटे केले होते, सगळ्यात मोठा शोधला होता, मधला काढून टाकला होता. पण सरकवताना दर वेळी उजवीकडेच. मी का ते विचारलं, तेव्हा मॅडमनी गवारीची एक शेंग बाकावर आडवी ठेवून दाखवली. शून्य नंबरची खुर्ची अभ्यासिकेतल्या पुस्तकांच्या लोखंडी कपाटाला अगदी चिकटून होती. तिच्या बाजूला माणूस उभा राहायला वीतभरही जागा नव्हती. मोकळी जागा फक्त दुसऱ्या टोकाला, दाराशी. म्हणून कोरी पाटी घेतलेला उभा नेहमी दाराशी उभा राहायचा, शेवटच्या खुर्चीचाच आकडा घ्यायचा आणि काम नेहमी शेवटाकडूनच सुरू व्हायचं. डावीकडे सरकवायचं तर पहिला आकडा आधी सांभाळायला हवा, पुढून सुरुवात करायला हवी. ते आम्ही कधी केलंच नव्हतं, कारण तिथं कपाट होतं.

"त्याला नेहमी-बिमी काही नसतं म्हणून सुनावलं मी," मॅडम म्हणाल्या, "आणि मीच पाच महिने नेहमी तेच करत होते. आज डावीकडचं आलं तर त्याचे सगळे आकडे जातील. आणि तो जाईल गुजरातेत."

फोन आत नेऊ देत नव्हते. सांगायची काही सोय नव्हती. मी म्हणालो, मॅडम, डावीकडचंच येईल असं कशावरून. गवारीकडे बघतच त्यांनी मला जे सांगितलं ते क्लासात कुणालाच माहीत नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्या खात्याच्या परीक्षेत नापास झाल्या होत्या आणि त्यांची बदली सोलापूरच्या पलीकडे एका तालुक्याला झाली होती. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, त्याला पुण्यात आजीकडे ठेवावं लागलं. दोन वर्षांनी परत आल्या.

"सुट्टीत यायचे ना, तर मला बघून आजीच्या मागं लपायचा," मॅडम म्हणाल्या. "आता मोठा झालाय, रोज फोन करतो, सगळं चांगलं आहे. पण ती दोन वर्षं काही मला कुणी परत दिली नाहीत."

मी गवार मोडत राहिलो. चहावाल्यानं न मागता दोन चहा आणून ठेवले.

बाराला गेट उघडलं आणि एकेक माणूस बाहेर यायला लागला. मेश्राम सगळ्यात शेवटी आले. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे. रस्ता ओलांडून ते टपरीशी आले, मॅडमना बघून गोंधळले आणि आधी वाकून नमस्कार केला.

"डावीकडे आलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"डावीकडेच आलं मॅडम."

मॅडमनी डोळे मिटले. मेश्राम बाकावर बसले आणि सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागले. प्रश्न वाचला, उजवीकडच्या सवयीनं शेवटाकडूनच सुरुवात केली, मशीन चालवलं, आणि पाचही घरांत एकच आकडा. तोंडचं पाणी पळालं. समोर गुजरात दिसायला लागलं. मग त्यांनी डोळे झाकले आणि आपल्या खुर्च्या आठवल्या, कोण कुठे बसतं तेही आठवलं. डावीकडे जायचं तर शून्य नंबरचं घर मोकळं करायला पाहिजे हे समजत होतं. पण तिथला आकडा घ्यायला उभ्याला तिथं उभं कसं करायचं, जागाच नाही.

"मग?"

"मग कपाट सरकवलं मॅडम. मनातल्या मनात. लई जड होतं. आणि तुमच्या हाती कोरी पाटी देऊन तुम्हाला तिथं उभं केलं."

पुढचं सगळं सरळ झालं म्हणाले. दुसरा प्रश्नही आला, तिसऱ्याला वेळ उरला नाही, पण तिनांतले दोन पुरे होते. मशीन लगेच सांगतं. साहेबांनी सोमवारपासून नव्या लाइनवर यायला सांगितलं होतं. मला इतका आनंद झाला की पाच महिन्यांच्या ओळखीच्या त्या आडव्या माणसाला मी भर रस्त्यात मिठी मारली. मॅडम आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि पदरानं चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या. मग वळल्या आणि पहिल्यांदा काय म्हणाल्या तर, पाच आकडे सरकवायला दोन तास लागले का. चहा मात्र आधी मेश्रामांनाच दिला. आणि निघताना मोडलेली सगळी गवार त्यांच्या हातात ठेवली. मंडळी ड्यूटीवरून थकून येतील, त्यांना सांगा की निवडलेली आहे, म्हणाल्या. बसमध्ये चढताना त्यांची पिशवी रिकामी होती आणि त्या खिडकीशी बसून एकट्याच हसत होत्या.

मला त्याच सुमारास नागपूरला नोकरी लागली, प्रोग्रॅम तपासायची. निघायचा दिवस पुढचाच रविवार. सकाळी बॅग पाठीला लावून मॅडमचा निरोप घ्यायला अभ्यासिकेत गेलो. वंदना नुकतीच संपली होती, क्लासचं कुणी अजून आलेलं नव्हतं. आतून काहीतरी फरफटत असल्याचा आवाज येत होता. बघतो तर कपाटातली सगळी पुस्तकं जमिनीवर रचलेली, आणि मॅडम पदर खोचून, खांदा लावून ते लोखंडी कपाट एकट्याच ढकलताहेत. वीतभर हललंही होतं.

"उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "पलीकडून धरा. मेश्रामनी मनात सरकवलं म्हणून बाकीच्यांना काय शिक्षा?"

मी बॅग उतरवली. आम्ही दोघांनी मिळून ते कपाट मागच्या भिंतीला नेऊन लावलं, पुस्तकं परत भरली. खुर्चीच्या त्या बाजूला आता चांगली माणूसभर जागा झाली होती, फरशीवर वर्षानुवर्षांचा धुळीचा चौकोन. मी सांगितलं की अकराची गाडी आहे, निघायला पाहिजे. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि विश्रांतवाडीहून स्टेशनला किती वेळ लागतो तो माझ्याहून चांगला हिशेब करून म्हणाल्या, दहा मिनिटं आहेत.

"शून्यावर बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो. त्यांनी माझ्या मांडीवर पाटी ठेवली, तिच्यावर दहा लिहिला. मग त्या धुळीच्या चौकोनात जाऊन, माझ्या डाव्या हाताला, कोरी पाटी धरून ताठ उभ्या राहिल्या.

"हं, ढोले," मॅडम म्हणाल्या. "सांगा, काय करू?"